दुसरा वाडगा

मांस आधी उकडायचं, मग कुटायचं,
मग घोड्याच्या केसांच्या चाळणीतून
लाकडी चमच्याच्या पाठीनं
घासत घासत खाली उतरवायचं.
अर्ध्या कोंबडीला तास जातो.
युवराज आस्कानिओंचे वरचे दात आणि खालचे दात
एकवीस वर्षांत एकदाही भेटलेले नाहीत.

मोन्तेव्हिओच्या गढीत ही चाळणी
माझ्या सासूनं माझ्या हातात दिली.
ती थोरल्या ड्यूकसाठी चाळायची.
तिच्या वेळी भोकं मोठी होती.
दर पिढीला चाळणी बारीक होत गेली,
या घराण्याचा इतिहास मला एवढाच ठाऊक.

चितारी सात आठवडे राहिला, जेवायला खालीच यायचा.
म्हणाला, हनुवटी मी बोटभर मागे ढकलतो, ओर्सोला,
पैसे त्या बोटभराचेच मिळतात.

तादेओ मोतद्दार हसला.
त्याच्याकडे घोड्यांची वही आहे, थोरल्यांनीच घालून दिलेली:
कोणती घोडी कुणाची, सात पिढ्या मागे.
एकदा चुकून भावाकडे बहीण नेली
तर पाठीवर चाबकाचे बारा वळ.
"रक्त नासतं म्हणाले, गाढवा, रक्त!"
हसता हसता त्यानं वर छताकडे पाहिलं
आणि सूप प्यायला लागला.

पानगळीत सोयरीक ठरली.
मिठाच्या खिंडीवरचा जकातनाका
दुसऱ्या घरात जाऊ नये म्हणून.
मुलगी कुणाची? युवराजांच्या बहिणीची.
रोमहून परवानगी आली, तळहाताएवढी लाखेची मोहोर.
मी पिठाच्या ओट्यावर बोटानं रेघा काढून पाहिल्या:
नवरा मामा. सासू आजी.
उद्या पाळणा हलला तर
बाळाची आई ती, आतेबहीणही तीच.
रेघा फाकतच नव्हत्या.
हात फिरवून पुसून टाकल्या,
पाव मळायचा होता.

इप्पोलिता खेचरावरून आली. पंधरा वर्षांची.
हातातला पंखा उतरल्यावरही मिटला नाही.
मेजवानीला रानडुक्कर भाजलं होतं, सफरचंदं घालून.
तिची थाळी खाली आली तेव्हा
मांसाचे बारीक बारीक तुकडे
कोबीच्या पानाखाली दडवलेले.
माझी धाकटीही असंच करते.
पण धाकटीला ते आवडत नाही, म्हणून.

रात्री ती आली. अनवाणी.
तोंडावर हात.
"भूक लागलीय," म्हणाली; शब्द ओले, कडांशी सांडलेले.
चुलीजवळ धाकटी झोपली होती,
मुठीत पावाची करपलेली कड, दातांच्या खुणांसकट.
मुलगी त्या खुणांकडेच बघत राहिली.
चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात.
इथे ताटं चांदीची होती.

तिनं हात खाली घेतला.
मी फुगलेल्या पिठाकडे बघावं तसं पाहिलं,
न चुकचुकता.
युवराजांचं उरलेलं गरम केलं,
फळीवरून दुसरा वाडगा काढला.

ती खात होती, मी चमचे पुसत होते.
"मामाही हेच खातात?"
हो.
"आणि आजी?"
आजी दार लावून जेवतात, बाईसाहेब.
तीस वर्षं झाली. थाळी दाराबाहेर ठेवायची
आणि निघून यायचं.
तिनं मान हलवली,
कुणी घरचा रस्ता समजावून सांगावा तशी.

दुसऱ्या दिवशी मी कारभाऱ्याकडे अख्खी कोंबडी मागितली.
का, म्हणाला. पाहुणे आहेत, म्हटलं.
लग्नाच्या आदल्या बाजारी
चाळणी विणणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेले.
नवी हवी, म्हटलं, याहून बारीक.
त्यानं जुनी उजेडाकडे धरली,
बराच वेळ धरून ठेवली.
"कुणासाठी?"
अजून जन्मायचंय.
"याहून बारीक विणता येत नाही, बाई.
मग नुसतं पाणीच गळेल."